परियापासून ‘एमटीआय’पर्यंत : भारतीय इंग्रजीच्या बोलण्यातली जात

गेल्या पावसाळ्यात आमच्या अभ्यासवर्गातला एक मुलगा पुण्यातल्या एका कॉल सेंटरच्या मुलाखतीहून परत आला. लेखी परीक्षा पास, कॉम्प्युटरची चाचणी पास, शेवटच्या फेरीत नापास. कारण विचारले तर तीन अक्षरे सांगितली : एमटीआय. त्याला वाटले हा एखादा कोर्स असेल, करून टाकू. मग कळले की याचा अर्थ ‘मदर टंग इन्फ्लुअन्स’, मातृभाषेचा प्रभाव. म्हणजे आईची भाषा अजून तोंडातून गेलेली नाही, हा त्याचा दोष. आणि गंमत पाहा, ज्या बाईंनी त्याला नापास केले त्यांनी त्याच बैठकीत ‘मीटिंग प्रीपोन झाली आहे’, ‘काइंडली डू द नीडफुल’ आणि ‘सर आउट ऑफ स्टेशन आहेत’ अशी तीन वाक्ये फोनवर इंग्रजीत टाकली. हे लंडनमध्ये कोणी बोलत नाही. पण त्याला एमटीआय म्हणत नाहीत. त्याला ‘इंडियन इंग्लिश’ म्हणतात.

या इंडियन इंग्लिशचे सध्या फार कौतुक चालले आहे. प्रीपोन, टिफिन, कझिन ब्रदर, गुड नेम, पास आउट, टाइमपास, चड्डी-बडी अशा शब्दांच्या याद्या मोबाइलवर फिरतात, लोक हसतात, ऑक्सफर्डच्या कोशात आपला एखादा शब्द गेला की अभिमानाच्या बातम्या छापून येतात. आमचे त्याला काही म्हणणे नाही. भाषा ज्याच्या तोंडात जाते त्याची होते, हे आम्हालाही मान्य आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. या मसालेदार याद्यांमध्ये ‘कास्ट नो बार’ का नसते? ‘कोटा स्टुडंट’ का नसतो? ‘व्हर्नाक’, ‘स्वीपर’, ‘हिस्ट्री-शीटर’, ‘क्रीमी लेयर’ का नसतात? हेही याच मातीत घडलेले इंग्रजी आहे आणि रोज बोलले जाते. यादी करणाऱ्याच्या घरात जे शब्द लागत नाहीत, ते त्याच्या यादीत येत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

‘कास्ट’ या शब्दापासूनच सुरुवात करू. हा इंग्रजांचा शब्द नव्हे. पोर्तुगीज ‘कास्ता’, म्हणजे वंश, कुळी, तिथून तो आला. पोर्तुगिजांनी तो भारतात, मलबारच्या किनाऱ्यावर आणि आपल्या शेजारच्या गोव्यात, जातींना लावला. १५६३ साली गोव्यात गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ छापला गेला. त्यात तो जाताजाता लिहितो की इथे कोणी बापाचा धंदा सोडत नाही. आणि उदाहरण कोणाचे देतो? चर्मकारांचे. म्हणजे युरोपच्या छापील पुस्तकात ‘कास्ता’ हा शब्द आपल्याला भेटतो तो जोडे शिवणाऱ्या माणसासकट. जात ही इंग्रजांनी निर्माण केली असे सांगणाऱ्या विद्वानांची हल्ली एक फौज उभी आहे. त्यांना आमचे एवढेच सांगणे, की प्लासीच्या लढाईला तेव्हा जवळजवळ दोनशे वर्षे अवकाश होता.

आता ‘परिया’. जगभरच्या इंग्रजी वर्तमानपत्रात हा शब्द रोज असतो. एखाद्या देशावर निर्बंध लागले की तो ‘परिया स्टेट’. एखादा क्रिकेटपटू सट्ट्यात सापडला की तो क्रिकेटमधला परिया. लिहिणाऱ्याला बहुधा ठाऊकही नसते की हे आजही जिवंत असलेल्या, लाखोंच्या संख्येने असलेल्या एका समाजाचे नाव आहे. तमिळ परैयर. परै म्हणजे चामड्याचा वाद्यप्रकार, आपल्या हलगीचा भाऊ म्हणा. परै वाजवणारे ते परैयर, अशी व्युत्पत्ती बिशप कॉल्डवेलने एकोणिसाव्या शतकात दिली. तमिळ-मलयाळममध्ये याच धातूचा दुसरा अर्थ ‘सांगणे’ असा आहे. मलयाळममध्ये आजही ‘परयुक’ म्हणजे बोलणे. वाजवून सांगणारे लोक. आपल्याकडे दवंडी कोण देत होते, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. गावाला बातमी सांगण्याचे काम ज्याच्याकडे, त्याच्याच तोंडचा शब्द गावाला विटाळ. हा न्याय तिकडे आणि इकडे सारखाच होता.

सतराव्या शतकाच्या आरंभीच हा शब्द इंग्रजीत पोचला. मद्रास वसल्यावर तर तो गोऱ्यांच्या रोजच्या बोलण्यात आला. १८८६ साली हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघांनी अँग्लो-इंडियन बोलीचा प्रचंड कोश काढला. त्याचे नाव ‘हॉब्सन-जॉब्सन’. मोहरमच्या ‘या हसन, या हुसेन’ या आक्रोशाचा गोऱ्या शिपायांनी केलेला हा विनोदी अपभ्रंश, यावरूनच पुस्तकाचा सूर कळतो. पण त्या कोशात ‘परिया’ची नोंद वाचण्यासारखी आहे. कोशकार स्वतः सांगतात की सगळ्या खालच्या जातींना किंवा जातीबाहेर टाकलेल्या माणसाला परिया म्हणणे ही युरोपियनांची चूक आहे. ही एक स्वतंत्र, ठरलेली जात आहे. चूक दाखवली १८८६ साली. आज किती वर्षे झाली?

त्याच कोशात या शब्दाची पिलावळही आहे. परिया-अरॅक म्हणजे हलक्या प्रतीची दारू. परिया-डॉग म्हणजे गावठी कुत्रा. परिया-काइट म्हणजे आपली साधी घार. या घारीची गोष्ट तर ऐकाच. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी आपल्या दख्खनात मोजणी करत फिरत होता. त्याने १८३२ साली इथल्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली आणि या घारीला शास्त्रीय नाव दिले ‘गोविंदा’. आजही तिच्या शास्त्रीय नावात गोविंदा आहे. म्हणजे एकच पक्षी. शास्त्राच्या लॅटिनमध्ये तो विष्णूचे नाव घेऊन उडतो आणि साहेबाच्या बोलण्यात आमच्या तमिळ भावंडांचे नाव घेऊन उकिरड्यावर बसतो. कुत्र्याचे मात्र भाग्य उजळले आहे. कुत्राप्रेमी मंडळींना ‘परिया’ हे नाव अपमानकारक वाटू लागले, म्हणून त्यांनी त्याचे ‘इंडियन नेटिव्ह डॉग’, थोडक्यात ‘इन-डॉग’ असे नामांतर केले. कुत्र्याचा अपमान लवकर लक्षात आला.

युरोपात हा शब्द गेला तो फ्रेंचांच्या मार्गाने. १७९१ साली बर्नार्डिन द सॅं-पिएरने एका भारतीय परियाच्या झोपडीवर कथा लिहिली, ज्यात तो परियाच शहाणा ठरतो. पुढे दलाविन्यचे नाटक आले, जर्मनीत गटेने या विषयावर कविता लिहिल्या. १८३८ साली फ्लोरा त्रिस्तॉं या कामगार चळवळीतल्या बाईने आपल्या प्रवासवर्णनाच्या नावातच स्वतःला परिया म्हटले. मॅक्स वेबरने ज्यू लोकांना ‘परिया जनता’ म्हटले, हाना आरेण्टने १९४४ साली ज्यूंच्या परियापणावर निबंध लिहिला. यातल्या बहुतेकांची सहानुभूती खरी होती, हे आम्ही नाकारत नाही. पण या सगळ्या प्रवासात एक गोष्ट घडली. परिया हे रूपक झाले आणि परैयर माणूस गायब झाला. पॅरिसची लेखिका परिया, बर्लिनचा विचारवंत परिया, आणि ज्याचे ते नाव तो मात्र मद्रासच्या परचेरीत, म्हणजे परैयरांच्या वस्तीत, पाण्याला महाग.

या शब्दावर आपल्या लोकांनी केलेला वाद आपण विसरलो आहोत, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण ते आहे.

१८९३ साली रेट्टमलै श्रीनिवासन यांनी मद्रासमध्ये तमिळ पत्र काढले आणि त्याला नाव दिले ‘परैयन’. सरळ. ज्या शब्दाने तुम्ही आम्हाला खाली बघायला लावता तोच आम्ही मथळ्यावर छापू. त्यांचे म्हणणे असे, की आपलाच माणूस आपले नाव लपवत राहिला तर त्या नावाची लाज कधीच जाणार नाही. दुसऱ्या बाजूला पंडित अयोथी थास. त्यांना हा शब्दच मान्य नव्हता. हे नाव आपल्या शत्रूने आपल्याला दिले, आपण मुळात इथले बौद्ध, ब्राह्मणी धर्माला नकार दिला म्हणून आपल्याला नीच ठरवले, अशी त्यांची मांडणी. थास यांनी १८९८ साली शाक्य बौद्ध संघ उभा केला, १९०७ साली एक पैशाचे ‘तमिळन’ साप्ताहिक सुरू केले. परैयन नव्हे, तमिळन. बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ ग्रंथात जो सिद्धान्त मांडला, त्याच्या कितीतरी आधी मद्रासच्या एका देशी वैद्याने त्याच दिशेला बोट दाखवले होते.

दोघांपैकी कोण बरोबर? आम्ही वर्षानुवर्षे याचे उत्तर शोधतो आहोत. १९२२ साली मद्रास विधिमंडळात एम. सी. राजा यांच्या ठरावावरून सरकारने ‘परैया’ आणि ‘पंचम’ हे शब्द कागदोपत्री काढून ‘आदि-द्रविड’ आणि ‘आदि-आंध्र’ हे शब्द आणले. म्हणजे सरकारी कागदावर थास यांची बाजू जिंकली. इंग्रजी भाषेत मात्र अजून कोणाचीच जिंकलेली नाही. मलेशियात गेलेल्या तमिळ मजुरांच्या पाठीमागे हा शब्द तिथेही गेला आणि शिवी झाला. २०११ साली ‘इंटरलॉक’ नावाची एक मलय कादंबरी शाळेत लावली, त्यात भारतीय मजुरांना परिया म्हटले होते. तिथल्या भारतीयांनी वर्षभर आंदोलन केले आणि सरकारला ते पुस्तक शाळेतून मागे घ्यावे लागले.

आता मद्रासच्याच एका दुसऱ्या शब्दाकडे वळू. ‘बटलर इंग्लिश’. गोऱ्या साहेबाच्या घरी स्वयंपाक करणारे, टेबल लावणारे नोकर जे इंग्रजी बोलत, त्याला हे नाव. हॉब्सन-जॉब्सनने त्याचे व्याकरणच दिले आहे : ‘आय टेलिंग’ म्हणजे मी सांगेन, ‘आय डन टेल’ म्हणजे मी सांगितले. हसायला चांगले आहे. पण हे नोकर कोण होते, हे पाहिले की हसू आटते. गोमांस शिजवायला, साहेबाचे उष्टे उचलायला सवर्ण हिंदू तयार नव्हता. त्या घरात शिरले ते मुख्यतः परैयर. ना शाळा, ना मास्तर, ना पुस्तक. माणसाने नुसत्या कानाने परकी भाषा उचलली, तिचे स्वतःचे व्याकरण बसवले, आणि त्यावर घर चालवले. अयोथी थास यांनी लिहून ठेवले आहे की त्यांचे आजोबा कंदप्पन हे हॅरिंग्टन नावाच्या इंग्रजाचे बटलर होते, आणि तिरुक्कुरळची ताडपत्री पोथी त्यांनीच साहेबामार्फत एलिस या विद्वान अधिकाऱ्याकडे पोचवली. ज्या तिरुक्कुरळवर सारा तमिळनाडू प्राण टाकतो, त्याची पोथी एका बटलरच्या घरात जपलेली होती. त्याच्या इंग्रजीवर साहेब हसत होता आणि तो साहेबाला तमिळ वाङ्मय देत होता.

आपल्याकडेही इंग्रजी पहिल्यांदा कॉलेजातून आली नाही, पलटणीतून आली. बॉम्बे आर्मीच्या पलटणीत महार शिपाई होते, पलटणीच्या शाळा होत्या, आणि महूच्या अशाच लष्करी शाळेत सुभेदार रामजी सकपाळ मुख्याध्यापक होते. बाबासाहेबांचे इंग्रजी पक्के झाले ते वडिलांनी घोटून घेतलेल्या तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर. एकोणिसावे शतक संपता संपता महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केले ते नोकरीसाठी, हे आपण सांगतो. पण त्या भरतीबंदीने एका समाजाची इंग्रजीची शाळाही बंद केली, हे कोणी सांगत नाही.

इंग्रज हसले बटलरला. इंग्रज हसले बंगाली कारकुनाला आणि त्याच्या इंग्रजीला ‘बाबू इंग्लिश’ म्हणाले. इंग्रज हसले अँग्लो-इंडियन मुलांना आणि त्यांच्या बोलण्याला ‘ची-ची’ म्हणाले, आपल्याच ‘छी छी’वरून. ठीक, राज्यकर्ता हसणारच. पण साहेब गेल्यावर हे हसणे कोणाकडे वारशाने आले ते पाहा. बाबूचा नातू कॉन्व्हेंटमध्ये शिकला आणि मराठी माध्यमाच्या मुलाला ‘व्हर्नाक’ म्हणू लागला. मुंबईच्या नामांकित कॉलेजांच्या कॅन्टीनमध्ये हा शब्द आमच्यापैकी कित्येकांनी ऐकला आहे. व्हर्नाक, घाटी, डाउन-मार्केट. आणि व्हर्नाक म्हटला गेलेला सवर्ण मुलगा वर्गात येऊन आपल्याला ‘कोटा’ म्हणाला. प्रत्येकाला हसायला कोणीतरी खाली आहे. बाबासाहेबांनी ‘ग्रेडेड इनइक्वॅलिटी’, श्रेणीबद्ध विषमता, हा शब्दप्रयोग इंग्रजीत रूढ केला, तो याच रचनेसाठी. वरच्याचा राग येतो, पण खालच्यापेक्षा आपण बरे हा आनंद तो राग गिळून टाकतो.

‘व्हर्नाक्युलर’ या शब्दाचे मूळ तरी ठाऊक आहे का? लॅटिनमध्ये ‘व्हेर्ना’ म्हणजे मालकाच्या घरात जन्मलेला गुलाम. विकत आणलेला नव्हे, घरातच पैदा झालेला. त्या घरगुती गुलामावरून घरगुती ते सगळे, देशी ते सगळे ‘व्हर्नाक्युलर’. १८७८ साली देशी वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आला तो याच नावाने. आपले आजे-पणजे ‘व्हर्नाक्युलर फायनल’ पास होऊन मास्तर झाले, आणि वस्तीत ‘फायनल पास’ हे शब्द पदवीसारखे मानाने घेतले जात. त्यांनी त्या शब्दाला इज्जत मिळवून दिली. कॅन्टीनमधल्या पोरांनी त्याला पुन्हा रोमच्या गुलामाकडे नेऊन सोडले.

काही शब्द तर साहेबाच्या देशात स्वच्छ होते, इथे येऊन त्यांना जात चिकटली. ‘स्कॅव्हेंजर’ घ्या. जुन्या लंडनमध्ये हा शब्द एका अधिकाऱ्याचा होता. बाहेरून येणाऱ्या मालावर जकात घेणारा, पुढे रस्त्यांच्या सफाईवर देखरेख ठेवणारा. भारतात आल्यावर तो अधिकारी उरला नाही, डोक्यावर पाटी आली आणि ती पाटी एका जातीच्या डोक्यावर बसली. इतकी पक्की, की ती उतरवण्यासाठी १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे करावे लागले आणि दोन्हींच्या नावात ‘मॅन्युअल स्कॅव्हेंजर’ हाच शब्द घालावा लागला. ‘स्वीपर’चेही तेच. पाकिस्तानात आजही सफाई कामगाराच्या जाहिरातीत ‘फक्त बिगरमुस्लिमांसाठी’ असे छापलेले आढळते, आणि तिथला ख्रिस्ती सफाई कामगार बहुतेक वेळा पंजाबातल्या जुन्या अस्पृश्यांचाच वंशज असतो. देश बदलला, त्याने धर्मही बदलला. इंग्रजी शब्द तोच राहिला.

आणि तुरुंग! तुरुंगाच्या नियमपुस्तिका साहेबाच्या इंग्रजीत लिहिलेल्या. उत्तर प्रदेशच्या पुस्तिकेत नियम असा, की साध्या कैदेतल्या माणसाला हलके काम देऊ नये. मात्र तो असे काम करायची ‘सवय’ असलेल्या समाजातला असेल तर गोष्ट वेगळी. सवय! किती सभ्य शब्द. अशा नियमांविरुद्ध एक महिला पत्रकार सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितले. प्रजासत्ताकाला तोवर चौऱ्याहत्तर वर्षे झाली होती. पोलिसांच्या ‘हिस्ट्री-शीटर’ या शब्दाचा जन्मही याच घराण्यातला आहे. १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्टने जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना १९५२ साली ‘विमुक्त’ म्हटले. पारध्याच्या पालावर आजही मध्यरात्री जीप येते ती कोणत्या रजिस्टरवरून, हे ज्यांच्या पालावर ती येते त्यांना विचारा.

‘कुली’बद्दल थोडक्यात. तमिळमध्ये ‘कूली’ म्हणजे मजुरी. काही जण तो शब्द गुजरातच्या कोळ्यांवरून आला असे म्हणतात. १८३४ पासून मॉरिशसला आणि पुढे गयाना, नाताळ, फिजीला गेलेल्या मजुरांच्या कपाळावर तो मारला गेला. मॉरिशसला गेलेल्यांत आपल्या कोकणातली मराठी माणसेही होती. या लोकांनी ‘ॲग्रीमेंट’चे ‘गिरमिट’ केले आणि स्वतःला ‘गिरमिटिया’ म्हटले. मालकाने दिलेले नाव कुली, स्वतः घडवलेले नाव गिरमिटिया. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात स्टेशनवरच्या कुलीचे ‘सहायक’ झाले. डोक्यावरची बॅग तेवढीच जड आहे.

आता घरातल्या इंग्रजीकडे. ‘कास्ट नो बार’ हा शब्दप्रयोग विवाहविषयक जाहिरातींनी जगाला दिला. पुरोगामी वाटतो. त्याच्या शेजारी कंस असतो. इंग्रजीत ‘एससी/एसटी प्लीज एक्स्क्यूज’, मराठीत ‘एससी/एसटी क्षमस्व’. क्षमा मागून हाकलतात, ही सभ्यता! २०१५ साली मुंबईच्या एका दैनिकात एका आईने आपल्या समलिंगी मुलासाठी वर पाहिजे अशी जाहिरात दिली. धाडसाची गोष्ट, आम्ही त्या आईला सलाम करतो. त्या जाहिरातीतही ‘कास्ट नो बार’ होते आणि पुढे कंसात ‘अय्यर असल्यास उत्तम’ होते. सगळे ओलांडता येते, कंस ओलांडता येत नाही.

‘क्रीमी लेयर’ हा शब्द न्यायालयाने रूढ केला. १९७५ च्या एन. एम. थॉमस खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी वरच्या सायीचा उल्लेख केला, १९९२ च्या मंडल निकालाने तो ओबीसींना लावला, आणि २०२४ च्या उपवर्गीकरणाच्या निकालात काही न्यायमूर्तींनी अनुसूचित जातींसाठीही तो सुचवला. त्यावर आपल्यात मतभेद आहेत, ते वेगळ्या लेखाचे काम. इथे फक्त शब्द बघू. दुधावर साय आपोआप येते, तिला कोणी अडवत नाही. आपल्या वस्तीतून एक पोरगी डॉक्टर होते ती आपोआप? आणि ‘साय’ हा शब्द फक्त आपल्याच पातेल्यासाठी का? ज्या घरात चार पिढ्या वकिली आणि न्यायाधीशी आहे, त्या घराला कोणी क्रीमी लेयर म्हणत नाही. त्याला ‘मेरिट’ म्हणतात.

बाबासाहेबांना शब्दांची ही राजनीती पुरती कळत होती. १९३१ साली गोलमेज परिषदेत त्यांनी आणि श्रीनिवासन यांनी, होय, तेच ‘परैयन’ पत्राचे रेट्टमलै श्रीनिवासन, एक पुरवणी निवेदन दिले. त्यात ‘डिप्रेस्ड क्लासेस’ या नावाला हरकत घेतली आणि ‘नॉन-कास्ट हिंदू’, ‘प्रोटेस्टंट हिंदू’ किंवा ‘नॉन-कन्फॉर्मिस्ट हिंदू’ असे पर्याय सुचवले. दबलेले नव्हे, न मानणारे. श्रीनिवासन यांचा इथवरचा प्रवास लक्षात घ्या. अडतीस वर्षांपूर्वी जे नाव त्यांनी मथळ्यावर मिरवले होते, ते त्यांनी इथे सुचवले नाही. शेवटी १९३५ च्या कायद्याने ‘शेड्यूल्ड कास्ट’ हे कोरडे नाव दिले. कायद्याखाली केलेल्या यादीत ज्यांची नावे, ते शेड्यूल्ड. या कोरडेपणाची आम्हाला तक्रार नाही. त्यात ना दया आहे, ना देव आहे.

देव घातला तो गांधीजींनी. १९३३ साली ‘हरिजन’ हे इंग्रजी साप्ताहिक निघाले. पहिल्या अंकासाठी बाबासाहेबांकडे संदेश मागितला, त्यांनी तो दिला नाही. जातिव्यवस्था आहे तोवर जातीबाहेरचे राहणारच, ही आपली भूमिका मात्र त्यांनी कळवली. १९३८ साली मुंबई विधिमंडळात काँग्रेस सरकारने लोकल बोर्डांच्या विधेयकात ‘हरिजन’ शब्द घातला. दादासाहेब गायकवाडांनी विचारले, आम्ही देवाची माणसे तर स्पृश्य मंडळी कोणाची, राक्षसांची? सरकार ऐकेना, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य बाबासाहेबांसह सभागृहातून उठून बाहेर पडले. एका शब्दासाठी. आज कोणी म्हणतो ‘शब्दांवर कशाला भांडता, कामाचे बोला’, तेव्हा त्याला हा सभात्याग सांगा. १९७२ साली पॅंथरने ‘दलित’ शब्द रस्त्यावर आणला, आणि २०१८ साली केंद्र सरकारने वाहिन्यांना सल्ला दिला की तो वापरू नका, ‘शेड्यूल्ड कास्ट’ म्हणा. मागच्या दाराने आलेला आदर आम्ही ओळखतो.

याच काळात ‘अनटचेबल’ शब्द मोकाट सुटला आहे. खेळाच्या पानावर एखादा विक्रम ‘अनटचेबल’ असतो. एखाद्या पक्षाशी कोणी युती केली नाही की त्याचे नेते ‘पोलिटिकल अनटचेबिलिटी’ सोसतात, मराठी दैनिकेही ‘राजकीय अस्पृश्यता’ असा मथळा देतात. ज्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या पाणवठे बंद ठेवले त्यांना युती न मिळणे म्हणजे अस्पृश्यता! घटनेच्या सतराव्या कलमातला हा शब्द रूपक म्हणून वापरायला लाज वाटायला हवी. पण लाज वाटेल कशी, सोसणारा माणूस त्या शब्दातून कधीच बाहेर काढला आहे. परियाचे तेच झाले होते.

आता आमच्या घरातली चूक. मागच्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गाने शिष्यवृत्तीच्या थकबाकीवर इंग्रजीत पोस्टर केले. मथळा होता : ‘वी आर नॉट परियाज’. कोणालाच खटकले नाही. खटकले ते धारावीहून येणाऱ्या एका मुलीला. तिचे आजोबा तिरुनेलवेलीकडून चामड्याच्या कामावर मुंबईत आले, वस्तीतल्या मयताला आणि सणाला परै वाजवायचे. ती म्हणाली, ‘दादा, तुम्ही परिया नाही, ठीक आहे. मी आहे. मग मी कुठे उभी राहू?’ कोणाला काही सुचेना. दोन तास चर्चा झाली. एक गट म्हणाला, शब्द काढा. दुसरा म्हणाला, श्रीनिवासन यांच्यासारखा उलटा वापरा, ‘आम्ही परैयर, आम्ही महार, आम्ही मांग’ असा. तिला विचारले तर म्हणाली, माझ्या आजोबांनी परै वाजवणे सोडले होते, माझा भाऊ आता पुन्हा शिकतो आहे, त्यामुळे मला दोन्ही बरोबर वाटते.

एमटीआयमध्ये नापास झालेला मुलगाही त्या चर्चेत होता. तो आता दुसऱ्या ठिकाणी कामाला लागला आहे आणि वर्गात इंग्रजी शिकवतो. पहिला तास त्याने ‘व्हेर्ना’ या शब्दावर घेतला. उच्चार मराठीच होता.

जुनी पोस्टरे बाजूला ठेवली आहेत. नवी छापायला सातशे रुपये लागले. मथळ्यात फक्त थकलेल्या रकमेचा आकडा आणि विद्यार्थ्यांची संख्या टाकली. ‘परैयन’ की ‘तमिळन’, हा वाद येत्या रविवारी पुन्हा आहे. ज्यांना यायचे आहे त्यांनी यावे. तमिळ येणारे कोणी असेल तर त्यांनी जरूर यावे.

जय भीम.